रियाज चालू आहे

आईने दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आत ओठांवर बोट ठेवलं. तिच्या खांद्यावरून बोळाच्या टोकाची खोली दिसत होती. दार लोटलेलं, बोटभर फट ठेवलेली.

"रियाज चालू आहे," ती कुजबुजली.

मी संत्र्यांची पिशवी आवाज न करता जमिनीवर टेकवली. आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नसे. मी चालायला शिकले तीच पाय न वाजवता. रियाज चालू असताना मिक्सर लावायचा नाही, नळाखाली बादली ठेवताना तळाशी आधी फडकं टाकायचं, जिन्यात पावलं ऐकू आली की बेल वाजायच्या आत दार गाठायचं. कुकरच्या शिट्टीचा आईने कायमचा बंदोबस्त केला होता. फुसफुस सुरू झाली की ती चिमट्याने शिट्टी अलगद उचलून धरायची आणि वाफ निमूट सोडून द्यायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे कुकरसुद्धा पायरीने वागतो हो.

त्या रविवारी खोलीतून आवाज येत नव्हता. त्यातही नवल नव्हतं. अलीकडे बाबा बिनआवाजी रियाज करत, बासरी हातात न घेताच. जुने लोक असाच करायचे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. ओठ आणि बोटं तयार असली की बांबू नुसता निमित्ताला. मी फटीतून पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते पुढे वाकून बसले होते. खांदे वर आलेले, तळवे गुडघ्यांवर रोवलेले. नाकाने श्वास घेत होते आणि शिट्टी वाजवताना करतात तसे ओठ करून सावकाश, लांबलचक फुंकर सोडत होते. डोळे मिटलेले. कपाळ ओलं.

"रंगलेत," मी म्हणाले.

आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

आम्ही दोघी खालच्या पट्टीत बोलत बसलो. तिने घेवडा निवडायला घेतला, मी तिला शेंगांच्या शिरा काढून देत होते. शेजारच्या काकूंच्या जावयाने नोकरी सोडली होती आणि तो आता दिवसभर घरात बसून सगळ्यांना पोटाचे व्यायाम शिकवत होता. आई हे सांगताना हसली, पण तिचा एक कान बोळाकडे होता. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, मग धागा सुटल्यासारखी पुन्हा सुरुवात करायची. तेही मला सवयीचं होतं. आईचं आणि माझं कुठलंही बोलणं आजवर सलग झालेलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले. सदरा बदललेला, केस ओले करून विंचरलेले. जेवायला बसताना त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि मगच बसले.

"काय," ते म्हणाले, "आज किती... चुका पकडल्यास?"

मी प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. बाबांच्या मते हा पोलिसी धंदा होता.

"एक कादंबरी आलीये. त्या गृहस्थांना पूर्णविराम ठाऊक नाही. पानभर एकच वाक्य."

"मग त्याला... माझ्याकडे पाठव." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "श्वास कुठे घ्यायचा... शिकवतो."

आम्ही तिघंही हसलो. त्यांच्या बोलण्यात नेहमीच अशा मोकळ्या जागा असत. वाजवणाऱ्या माणसाला त्या शोभतात, असं मी मानत आले होते. निघताना मी नमस्कार केला. ते जिन्यापर्यंत आले नाहीत. तू उतर, मी इथून ऐकतो, असं म्हणाले, आणि मी उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. तिचा आवाज रियाजाच्या वेळचाच होता, दबका.

"अगं, बाबा गेले. रियाज करता करता गेले."

त्या वाक्याला पाय फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शेजारी ते जिन्यात एकमेकांना सांगत होते. दोन दिवसांत ते आकाशवाणी केंद्रावर पोचलं, तिथून वर्तमानपत्रात: अखेरचा श्वासही बासरीला. भेटायला येणारी माणसं आत येताना चेहरा पाडून येत आणि हे वाक्य ऐकलं की त्यांचा चेहरा उजळे. असं मरण यायला पुण्य लागतं, असं प्रत्येकजण म्हणे. आई मान डोलावे. पहिल्या दिवशी ते वाक्य तिने चाचरत सांगितलं होतं. आठवड्याने त्यात खिडकीतलं ऊन आलं, मग मिटलेले डोळे आले, मग ओठांवरचं हसू. मी पाहुण्यांना चहा देत होते आणि प्रत्येक कपाबरोबर ते हसू थोडं रुंद होत होतं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला दर आवृत्तीतला फरक कळतो. मी आईला काही म्हटलं नाही. तिच्याजवळ तेवढंच होतं, असं मला वाटलं.

बाबा केंद्राच्या वाद्यवृंदात बासरी वाजवत. त्यांची मैफल कुणी ऐकली नाही, कारण ती झालीच नाही. ते श्रुतिकांना वाजवत. नाटक विभागाचं एक न लिहिलेलं कोष्टक होतं. युद्ध असलं की ढोल. श्रीमंताचं घर असलं की पियानो. पहाट झाली की बासरी. गुरं घरी आली, आईची आठवण झाली, गरीब पण सच्चा मुलगा दारातून आत आला, सगळीकडे बासरी. म्हातारं माणूस शांतपणे गेलं तर बासरी, तडफडून गेलं तर व्हायोलिन. पहाटा सर्वांत जास्त लागत, म्हणून केंद्रावर त्यांचं नावच 'पहाट' पडलं. ए पहाट, चहा घेतोस का? पहाट आज रजेवर आहे, नाटक दुपारी सुरू करा. घरी ही पहाट ऊन तापेपर्यंत झोपून असे, कारण ध्वनिमुद्रणं रात्रीची असत, आणि ती उठेपर्यंत आम्ही दोघी भिंतीला धरून चालत असू.

निवृत्तीनंतर शाळा त्यांना व्याख्यानाला बोलावत. एकदा मी बरोबर गेले होते. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'बासरी: प्रेमाचे व शांतीचे वाद्य.' बाबांनी ते वाचलं आणि मुलांना विचारलं, पहिली बासरी कशाची होती? मुलं म्हणाली, बांबूची. बाबा म्हणाले, हाडाची. गिधाडाच्या पंखाचं हाड. माणसाला शेती माहीत नव्हती, चाक माहीत नव्हतं, तेव्हा कुणीतरी मेलेल्या गिधाडाचं हाड उचललं आणि त्याला भोकं पाडली. मग त्यांनी फौजांचं सांगितलं. कितीतरी देशांच्या पलटणींत पोरं बारीक बासऱ्या वाजवत सगळ्यांच्या पुढे चालायची. चला, थांबा, गोळ्या भरा, हे हुकूम बासरीवरच दिले जायचे, कारण तिचा आवाज धुरातून लांब जातो. आणि एका जुन्या नगरात मयतामागे फुंकून वाजवणारे भाड्याने आणायची इतकी चढाओढ लागली, की किती आणायचे यावर कायदा करावा लागला. दुःखाला रेशन, ते म्हणाले. मुलं खूश झाली. बाईंनी आभार मानताना सांगितलं की बासरी आतून पोकळ असते, तिच्यात 'मी' नसतो, म्हणून ती गोड वाजते.

रिक्षात बसल्यावर बाबा बोलले. "पोकळ तर गटाराचा पाइपही असतो."

एवढं कडू ते बाहेर कुणाशी बोलत नसत. ते घरासाठी राखून ठेवत. घरी त्यांचा राग शब्दांत नसे, कारण शब्दांनी दम जातो. तो ताट सरकवण्यात असे, दार लोटण्यात असे. आईने भाजी खारट केली तर ते काही म्हणत नसत, त्या दिवशी कुणाशीच काही म्हणत नसत. दुसऱ्या दिवशी नाटकात त्यांची पहाट इतकी कोवळी वाजायची, की बायका पत्रं पाठवायच्या. आईच ती त्यांना वाचून दाखवायची.

ते गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मला एक फोन आला. छातीच्या दवाखान्यातून. तुमचे वडील तपासणीला आले नाहीत, दुसरी वेळ देऊ का? आपत्काळी कळवायचा म्हणून त्यांनी माझा नंबर दिला होता. तो दवाखाना मला ठाऊक नव्हता. मी पत्ता विचारून घेतला आणि तिथे गेले.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. वडील गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घरी होते?"

"हो. रियाज करत होते. म्हणजे, तसं आम्ही..."

"कसा रियाज?"

मी दाखवलं. मलाच कळायच्या आत मी त्या स्टुलावर पुढे वाकले, तळवे गुडघ्यांवर टेकले आणि ओठ चिमटून फुंकर सोडली. बाई पाहत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरची एक छापील पाटी माझ्याकडे वळवली. पाटीवर एक रेखाटलेला माणूस होता. तो पुढे वाकलेला होता, त्याचे तळवे गुडघ्यांवर होते, ओठ शिट्टी वाजवताना करतात तसे होते.

"हे आम्ही शिकवतो," त्या म्हणाल्या. "दम कोंडला की असं करायचं. तुमच्या वडिलांना शिकवावं लागलं नाही. त्यांना मुळातच येत होतं."

त्यांची फुप्फुसं फुगून सैल पडली होती. हवा आत जायची आणि अडकून राहायची. छाती भरलेली, आणि फुंकायला हवा नाही. बाईंनी विचारलं, सिगारेट किती ओढायचे? मी म्हणाले, कधीच नाही. वाद्यवृंदात बाबांच्या शेजारची खुर्ची व्हायोलिनवाल्या काकांची होती आणि काका एकीवर दुसरी पेटवत, हे मी सांगितलं. त्या बंद, बिनखिडकीच्या स्टुडिओत बाबांचं सगळं आयुष्य गेलं. काका आजही ठणठणीत आहेत. जिना चढून येतात.

"मी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं होतं. नको म्हणाले. म्हणाले, ते सारखं एका सुरात गुणगुणतं, माझ्या पट्टीशी जुळत नाही." बाई किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "मला वाटलं विनोदी माणूस आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या. घरी कोण कोण असतं? तर म्हणाले, श्रोते."

"काय म्हणाले?"

"श्रोते. घरी दोन श्रोते असतात, म्हणाले."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, सुनेच्या हातात हात देऊन. ते तसेच ओठ करून फुंकत होते आणि सून त्यांची पाठ चोळत होती. एका दवाखान्याच्या बोळात सगळ्यांना दिसणारी गोष्ट आमच्या घरात कुणाला दिसली नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोने खोलीत धाव घेतली असती, खिडक्या उघडल्या असत्या, शेजाऱ्यांना हाक मारली असती. आमच्याकडे आम्ही चपला हातात घेतल्या. केंद्राच्या कोष्टकाप्रमाणे बाबांच्या मरणाला व्हायोलिन लागायला हवं होतं, आणि गावभर बासरी वाजत होती.

आईला सांगावं की नाही, हे घरी पोचेपर्यंत ठरलं नव्हतं. दोन दिवसांवर केंद्रात शोकसभा होती. त्याच संध्याकाळी व्हायोलिनवाले काका आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि सभेचा बेत सांगू लागले. संचालक बोलणार, काका बोलणार, शेवटी मी. मी काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं होतं.

"तू जास्त नको बोलूस, पोरी. तो शेवटचा प्रसंग तेवढा सांग. लोक त्यासाठीच येतायत."

"मी तिथे नव्हते काका."

"मग वहिनींचं ऐकून सांग. आमच्या पहाटेने काय एक्झिट घेतली राव. आम्हाला असं मरण कुठलं? आम्ही मेलो तर लोक म्हणतील, तार तुटली." ते खोकत हसले. आई म्हणाली, चहा टाकते.

काका गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई ओटा पुसत होती.

"आई, मी आज एका दवाखान्यात गेले होते."

फडकं थांबलं नाही. "छातीच्या?"

मी खुर्ची ओढून बसले. ओढताना ती फरशीवर वाजली आणि आम्ही दोघी सवयीने दचकलो.

"तुला माहीत होतं?"

"मी त्यांच्याबरोबर याच घरात राहत होते," आई म्हणाली. "घाम मीच पुसायचे. सदरा मीच बदलायचे."

"मग मला रियाज का सांगत होतीस?"

"त्यांनी सांगितलं होतं तसं. पोरीला कळलं तर ती दार उघडं ठेवेल, म्हणाले. येऊन समोर बसेल. तिला मी असा दिसलेला चालणार नाही."

"मला चालणार नाही?"

"मग त्यांना चालणार नाही. तेच ते." तिने फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, त्यात पाणी उरलं नव्हतं. "दोन वर्षं झाली, बासरीतून सूर निघत नव्हता. एकदा मी बाजारातून आले तर बासरी तोंडाला लावून बसले होते, आणि नुसती हवा. फस्स. मला बघून म्हणाले, उद्यापासून मनातल्या मनात."

मी विचारलं, त्या दुपारी तू कुठे होतीस?

"दाराशी. स्टूल टाकून. नेहमी तिथेच बसायचे." ती आता माझ्याकडे पाठ करून उभी होती. "आत गेलेलं त्यांना आवडायचं नाही. म्हणून बाहेरून ऐकत बसायचे. आत घेतलेला ऐकायचा, बाहेर सोडलेला ऐकायचा. तू म्हणतेस ना, आई मध्येच थांबते. मी मोजत असायचे."

"आणि त्या दिवशी?"

"सोडला. मग मी वाट पाहिली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुंग टुंग आवाज येत राहिला.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. असल्या गोष्टीत माणसाचं ऐकतात का? मेला तरी चालेल पण वचन मोडायचं नाही, हे कुठलं शहाणपण? मला त्यांच्यावरही ओरडायचं होतं, आणि त्यांनी तर आधीच दार लावून घेतलं होतं. मी लहानपणी तापाने फणफणले की आई माझ्या तोंडावर हात धरून मला थोपटायची, कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून. मी कधी कण्हले याची त्यांना खबरही नसायची. आता त्यांनी त्याची परतफेड केली होती. ते कण्हले आणि मला कळू दिलं नाही.

"सभेत यातलं काही बोलू नकोस," आई म्हणाली. "लोकांना हसरे बाबा हवेत, त्यांना नेऊ देत. आपलं काय जातं?"

मी म्हणाले, बरं.

सभा केंद्राच्या जुन्या नाटक स्टुडिओत होती. आता तिथे नाटकं होत नाहीत. भिंतींना आवाज शोषणारे भोकाभोकांचे फळे, छताला मंद दिवे, कोपऱ्यात आवाज काढायचं सामान अजून तसंच होतं: पावलांसाठी वाळूचा ट्रे, गडगडाटाचा पत्रा, कुठल्याही खोलीत न नेणारं एक दार, चौकटीसकट उभं. खुर्च्या भरल्या होत्या. आई पुढच्या रांगेत बसली होती, माझ्या शेजारी. तिने पदर अंगभर घेतला होता.

संचालक बोलले. ते बाबा निवृत्त झाल्यानंतर आले होते, पण त्यांनी तयारी केली होती. जगातल्या सर्व संस्कृतींत बासरी आहे. गुराख्यापासून राजापर्यंत सर्वांच्या ओठी ती आहे. ती विरहाची आहे, ती मीलनाची आहे. बासरी पोकळ असते म्हणूनच ती वाजते, असं म्हणून ते थांबले, टाळ्या येतील म्हणून. शोकसभा आहे हे लक्षात येऊन लोकांनी माना डोलावल्या. मी आईकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

मग काका उठले. त्यांनी दोन-तीन जुने किस्से सांगितले. एका नाटकात खून झाल्यावर बाबांनी चुकून पहाट वाजवली आणि श्रोत्यांनी पत्रं लिहिली, की मारेकरी मनाने चांगला असावा. लोक हसले. काकांना हसवता येतं. मग ते म्हणाले, आता ऐकूया आमचा मित्र. केंद्राच्या संग्रहातून त्यांनी एक पहाट शोधून काढली होती.

तिचं नाटक कुठलं, कुणाला आठवत नव्हतं. आधी शांतता, मग लांबून आल्यासारखा एक सूर, मग तो वर चढला. स्टुडिओतल्या सगळ्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यांवर तेच आलं, जे आमच्या घरी चहाचा कप हातात घेताना यायचं. आईचे डोळे उघडे होते. माझेही.

सुरावट संपली आणि पुढची सुरू होण्याआधी एक वेगळा आवाज आला. बारीक, घाईचा, ओला. कुणीतरी पाण्यातून डोकं वर काढून हवा घेतं तसा. आईने माझा हात धरला. पुन्हा सूर, पुन्हा तो आवाज. ते तेव्हा तरुण होते, छाती लोहाराच्या भात्यासारखी होती, आणि तरीही दोन सुरांच्या मधे त्यांना हवा लागत होती, कुणालाही लागते तशी. आईची बोटं माझ्या हातावर दाबली जात होती, सैल होत होती, दाबली जात होती. ती मोजत होती.

टेप संपली. काकांनी डोळे पुसले आणि माइक हातात घेतला.

"मधे मधे श्वास ऐकू येतो, त्याबद्दल माफ करा. त्या काळी माइक एकच, श्वास काढता यायचा नाही. पहाटला त्याचा फार राग होता. आता आपल्या पोरांनी मशीन आणलंय, ते सगळे श्वास वेचून काढतात. साफ करून, नुसती शुद्ध बासरी आपण लोकांना देणार आहोत. आता त्यांची कन्या दोन शब्द बोलेल. शेवटच्या क्षणाविषयी."

मी उठले. मला आठवतं की मी पाय न वाजवता माइकपर्यंत गेले. समोर सगळे चेहरे हसऱ्या बाबांची वाट पाहत होते. मी घरून चार ओळी ठरवून आणल्या होत्या. त्यांत खिडकी होती, ऊन होतं, आणि आईला दिलेला शब्द होता. तो मी मोडणार नव्हते.

"शेवटच्या क्षणी मी तिथे नव्हते," मी म्हणाले. "त्यामुळे त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

काका मला खुणावत होते. पुढच्या रांगेत आईने मान खाली घातली होती. माझा आवाज त्या भोकाभोकांच्या भिंतींत शिरून जात होता, परत येत नव्हता. घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

"मला बासरी आवडत नाही," मी म्हणाले. "कधीच आवडली नाही. प्रत्येक नाटकानंतर बाबा विचारायचे, कसं झालं? मी म्हणायचे, छान. त्यांना ते खरं वाटायचं की नाही, मला माहीत नाही. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली. संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. आईने मान वर केली आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.

"काका, त्या टेपमधले श्वास काढू नका," मी म्हणाले. "तेवढेच बाबा आहेत तिच्यात."